वेळास: ६३ चपला आणि ११२ अंडी

"मग, कासव दिसलं का?" परत आल्यापासून जो भेटतो तो हेच विचारतो. नाही दिसलं. तीन रात्री पुळण तुडवली, लाल बॅटरी घेऊन डोळे फाडफाडून बघितलं, कासवीण काही दिसली नाही. तिच्या पावलांच्या खुणा दिसल्या, अंडी दिसली, पिल्लं दिसली. आणि चपला. त्यांच्याबद्दल पुढे सांगतेच.

महाशिवरात्र रविवारी आली होती. ते शनिवार-रविवार, त्यांना मागे-पुढे एकेक रजा जोडली आणि बारा जणांचा आमचा गट वेळासला जाऊन आला. वेळास म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाचं, मंडणगड तालुक्यातलं गाव. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून इतिहासात आणि कासवांचं गाव म्हणून हल्ली सगळीकडे. कासव महोत्सवाला मी दहाएक वर्षांपूर्वी जाऊन आले होते, पिल्लांच्या घरट्यावरची टोपली उचलताना टाळ्या वाजवून, फोटो काढून. या वेळी कामाला जायचं होतं. सकाळी किनारा साफ करायचा, दुपारी हॅचरीची, म्हणजे अंडी आणून पुरतात त्या कुंपणाची, डागडुजी, रात्री घरटी राखणाऱ्या गावातल्या कासवमित्रांबरोबर गस्त. बरोबर माझी भाची होती. नववीतली. तिच्या आईने "मोबाइलमधून डोकं वर काढेल तरी" म्हणून धाडलेली.

शुक्रवार

पुणे, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, म्हणजे चांगलाच म्हणायचा. बागमांडल्याला जंगलजेटीत गाडी चढवली आणि खाडीच्या मधोमध आल्यावर भाचीने पहिल्यांदा मान वर केली. ही सावित्री. महाबळेश्वरला गोमुखातून पडते तीच, इथे समुद्राला मिळते तेव्हा पलीकडचा काठ लांब दिसावा एवढी रुंद झालेली. पलीकडे वेसवी, मग बाणकोट आणि डोंगराला वळसा घालून खाली वेळास.

आम्ही उतरलो ते घर सुपारीच्या बागेत. काकूंनी दारातच सांगितलं, "हातपाय धुवा, चहा घ्या, मग काय ते कासवांचं." त्यांची त्या दिवशी एकादशी होती, पण आमच्यासाठी डाळिंब्यांची उसळ, कुळथाचं पिठलं, भात, फणसाचे पापड आणि सोलकढी असा बेत केलेला. स्वतः मात्र दोन केळी आणि कपभर दूध.

जेवणाआधी काकांनी भाचीला ओसरीवर बसवलं आणि भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बोट दाखवलं.

"आज तिथी कोणती?"

"एकादशी."

"अकराची पाऊणपट किती?"

ती मोबाइल काढायला लागली तसे काका म्हणाले, "तोंडी!" दोन मिनिटं बोटं मोडून झाल्यावर उत्तर आलं, सव्वाआठ. "मग सव्वाआठला भरती पुरी. तिथून सुकती लागली, की सहा तासांनी पाणी पार खाली. उद्या द्वादशी, उद्या किती?" नऊ. परवा पावणेदहा. गणिताच्या पुस्तकात तिला पाऊणकी कधी लागली नव्हती, इथे पहिल्याच संध्याकाळी लागली. पुढचे तीन दिवस ही मुलगी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला भरतीची वेळ सांगत होती. कासवीण बहुधा भरतीच्या पाण्याबरोबर येते, म्हणजे तिला वर वाळूत कमी सरपटावं लागतं. म्हणून गस्तीची वेळ घड्याळावर नाही, तिथीवर ठरते.

रात्री नऊला कासवमित्र दादा आले. तिशी-पस्तिशीचे, अनवाणी, खांद्याला पिशवी, हातात काठी. त्यांनी आधी आमची तपासणी केली. पांढरे शर्ट घातलेल्या दोघांना परत पाठवलं, एकीच्या अंगावरच्या अत्तराला नाक मुरडलं, सगळ्यांचे मोबाइल खिशात ठेवायला लावले. "उजेड दिसला की ती पाण्यातनंच माघारी जाते ओ. आपन कोन मोठे, तिला वाट बघायला लावनारे?"

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन यायला आमच्या चालीने सव्वा तास लागला, दादांच्या चालीने पाऊण लागला असता. चंद्र नव्हता. सुरूच्या बनातून वारा येत होता, आणि पायाखाली ओल्या वाळूत मधूनच काहीतरी निळं चमकायचं आणि विझायचं. दोन फेऱ्या झाल्या, काही नाही. साडेअकराला आम्हाला घरी पाठवून दादा तिसरीला एकटे गेले. चौथी पहाटे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रोज. आम्ही दोन फेऱ्यांत पोटऱ्या धरून बसलो होतो.

शनिवार

सहाला उठवलं. काकूंनी मऊ भात, मेतकूट, वर तूप आणि लिंबाचं लोणचं असं समोर ठेवलं. हॉटेलातल्या कुठल्याही नाश्त्याला हे येणार नाही, आणि वाळूत वाकून काम करायचं असेल तर पोटात जड काही नसलेलंच बरं.

किनारा लांबून स्वच्छ दिसतो. खाली वाकलं की कळतं. भरतीची रेघ जिथे थांबते तिथे काटक्या-शेवाळाच्या पट्ट्यात सगळं अडकलेलं असतं: दोऱ्या, जाळ्यांचे तुकडे, औषधाच्या बाटल्या, तेलाचे डबे, दात घासायचे ब्रश, थर्माकोल. थर्माकोल सगळ्यात वाईट. उचलायला जावं तर हातात चुरा होतो आणि वाऱ्याबरोबर पुन्हा पसरतो. आमच्यातल्या एकांनी त्यावर उपाय काढला: आधी वरून ओली वाळू टाकायची आणि मग वाळूसकट घमेल्यात घेऊन चाळायचं. वेळखाऊ, पण चुरा उडत नाही.

जाळी ओढणं हे वेगळंच प्रकरण. वर वीतभर नायलॉन दिसतं म्हणून धरून ओढावं तर खाली सात-आठ हात निघतं. एका तुकड्यात वाळलेली कुर्ली अडकली होती, सगळे पाय जागच्या जागी. तरंगत्या जाळ्यात कासवंही अशीच अडकतात. कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं, जाळ्यात गुंतलं की ते बुडून मरतं. कासव बुडून मरतं हे भाचीला पटेना. मलाही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पटलं नव्हतं.

चपलांचा खेळ तिनेच सुरू केला. स्लिपर, सँडल, लहान मुलांचे बूट, सगळ्या एका ओळीत मांडायच्या आणि जोडी लावायची. नऊला भरती वर आली तेव्हा काम थांबवलं. चपला ४४, जोडी शून्य.

आम्ही गोण्या बांधून सुरूच्या बनाशी नेऊन ठेवत होतो, तेव्हा तिथे आधीच काही गोण्या दिसल्या. म्हणजे गोण्यांच्या चिंध्या. उन्हाने कडक होऊन फाटलेल्या, अर्ध्या वाळूत, आणि त्यांतून बाहेर आलेल्या बाटल्या, दोऱ्या, आणि हो, चपला. एका चिंधीवर निळ्या रंगात "स्वच्छ किनारा" एवढं वाचता येत होतं. सुरूचा पाला गोळा करणारे एक आजोबा तिथे होते. त्यांना विचारलं.

"त्या होय? मागल्या टायमाला तुमच्यासारकेच आलेले. लय काम केलानी. फोटू काडलानी, गोन्या हितं ठेवलानी, म्हनले गाडी येल." आजोबांनी पाल्याचा भारा डोक्यावर घेतला. "गाडी काय आली नाय. पावसात उधान आलं, निम्मं परत दर्यात."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आमचीही गाडी येणार होती. म्हणजे तसं आम्हाला सांगितलं होतं.

दुपारी फोन केले. ज्यांच्यामार्फत आलो होतो त्यांनी गाडीची व्यवस्था "बघतो" म्हटलं, संध्याकाळी "सोमवारी कळवतो" म्हटलं. सोमवारी आम्ही निघणार. गोळा केलेला कचरा जातो कुठे, हा प्रश्न निघण्याआधी पुण्यात विचारायला हवा होता. आम्ही विचारलं होतं ते जेवण शाकाहारी आहे का आणि खोलीला पंखा आहे का.

जाणार असाल तर म्हणून इथेच सांगून टाकते. गोण्या नायलॉनच्या नकोत, तागाच्या घ्या. हातमोजे बागकामाचे, जाड. एक-दोन कोयते किंवा मोठ्या कात्र्या हव्यातच, जाळी हाताने तुटत नाही. आणि निघण्याआधी मंडणगडच्या एखाद्या भंगारवाल्याशी बोलून ठेवा की तो काय घेतो आणि काय घेत नाही. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

जेवायला उकडीचे मोदक होते. काकू वाढत राहिल्या, आम्ही खात राहिलो, आणि गोण्यांचा विषय तासभर कोणी काढला नाही.

रात्री द्वादशी, नऊची भरती. पहिली फेरी कोरडी. दुसऱ्या फेरीत दादा एकदम थांबले आणि त्यांनी हात आडवा धरला. लाल उजेडात वाळूवर एक पट्टा. ट्रॅक्टरचं एखादं लहान चाक पाण्यातून वर यावं आणि परत जावं तसा, पण दोन्ही बाजूंची वल्ह्यांसारख्या पायांची खूण समोरासमोर नाही, एकाआड एक. "आली आनि गेली. अर्धा तास झाला आसंल." पट्टा जिथे वळला होता तिथे वाळू विस्कटलेली, आणि भोवती थापटल्याच्या खुणा. अंडी घालून झाल्यावर कासवीण खड्डा बुजवते आणि सगळ्या अंगाने वरून धपाधप थापटते. चाळीस किलोचा जीव, मागच्या पायांनी खड्डा खणतो, तासाभरात सगळं उरकून निघून जातो. आम्ही तेव्हा दुसऱ्या टोकाला वाळूवर बसून चिक्की खात होतो.

दादांनी काठीने हलकेच चाचपलं. एका जागी काठी सहज आत गेली. मग काठी बाजूला ठेवून हाताने वाळू काढायला सुरुवात केली आणि थोड्या वेळाने ते चक्क पालथे झोपले, हात खांद्यापर्यंत आत. खड्डा साधारण दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि खाली फुगीर, मडक्यासारखा. पहिलं अंडं वर आलं. टेबल टेनिसच्या चेंडूएवढं, पांढरं, ओलसर, कवच टणक नाही, चामड्यासारखं. त्यावर बोटाचा दाब पडला तर खळी पडते आणि तशीच राहते.

अंडी तिथेच का ठेवत नाहीत? कोल्हे, कुत्री, घोरपडी वासावर येतात आणि उकरून काढतात. माणसंही काढायची. कासवाची अंडी गावोगावी खाल्ली जायची आणि विकलीही जायची. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने इथे काम सुरू केलं. भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी खरं तर समुद्रगरुडांच्या मागावर आले होते. गावातल्याच लोकांना हाताशी धरून घरटी राखायला लागले आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे आले, घरात चार पैसे आले, आणि अंडी खाण्यापेक्षा राखणं परवडायला लागलं. आता वनखातं आणि गाव मिळून हे चालवतात. कायद्याने हे कासव, ऑलिव्ह रिडले, वाघाच्याच अनुसूचीत आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या. पण रात्री अडीचला वाळूत पालथा झोपणारा माणूस कायदा देत नाही, तो गावाने दिला.

मोजायचं काम माझ्याकडे होतं. ऐंशीला भाचीने काहीतरी विचारलं आणि माझा आकडा गेला. दादा हसले. "माझ्याकडं हाय ओ. बावीस गाही आनि वर दोन." आंबे, नारळ मोजतात तशी त्यांनी पाच-पाचाने मोजली होती. ११२. अंडी पिशवीत घालताना खाली घरट्यातलीच ओली वाळू, वर तीच वाळू, आणि एकही अंडं फिरवायचं नाही. काही तासांतच आतला जीव कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, मग उलटं केलं की मेला.

हॅचरीत पुन्हा तेवढ्याच खोलीचा, त्याच आकाराचा खड्डा. दादा हात घालून बघायचे, जरा खरवडायचे, पुन्हा हात घालायचे. मडक्याचा पोटाकडचा फुगीर भाग बरोबर झाल्याशिवाय त्यांनी एकही अंडं आत जाऊ दिलं नाही. पाटीवर तारीख, वेळ, अंड्यांची संख्या लिहायची. अक्षर चांगलं म्हणून ते भाचीकडे आलं. पंचेचाळीस ते साठ दिवस, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला पिल्लं बाहेर.

"मुलं का मुली?" तिने विचारलं.

"पोरीच जास्ती. वाळू गरम आसली की पोरी, गार आसली की पोरं."

हे खरंच तसं आहे. कासवांमध्ये नर-मादी वाळूच्या तापमानावर ठरतं. म्हणूनच हॅचरीवर सावलीची हिरवी जाळी लागते, नाहीतर उन्हाळ्यात सगळ्या पोरीच.

रविवार, महाशिवरात्र

काकूंनी विचारलं, उपास कोणाकोणाचा. भाचीने हात वर केला. जन्मात पहिल्यांदा. वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, ताक. तिने दोनदा घेतलं आणि सांगितलं की महादेवावर तिची आधीपासूनच श्रद्धा आहे.

सकाळच्या सफाईत चपला १९. एकूण ६३. जोडी अजून शून्य. नऊनंतर हॅचरीचं कुंपण. बांबूचे खांब पक्के करायचे आणि जाळी वाळूत फूटभर गाडायची. नुसती उभी केली तर कोल्हा खालून उकरून आत येतो. हे काम दिसतं सोपं. कोरड्या वाळूत चर खणताना जेवढी काढावी तेवढी बाजूने परत आत येते. पाणी मारत, फळ्या लावत, तीन तासांत जेमतेम दोन बाजू झाल्या. कामावर चाळिशीच्या एक ताई होत्या, गावातल्याच. त्यांनी अर्ध्या तासात आमच्यापेक्षा जास्त केलं आणि वर विचारलं, "तुमी हाफिसात काय करता?"

याच वेळी कोणीतरी वर बोट दाखवलं. समुद्रगरुड. पांढरं पोट, राखाडी पंख, पायात काहीतरी लांबट लोंबतंय. समुद्रसाप असावा. गावामागच्या मोठ्या झाडाकडे सरळ निघून गेला. सगळे हातातलं टाकून बघत राहिलो, ताई सोडून.

संध्याकाळी किनाऱ्यावर हीऽ गर्दी. पलीकडे हरिहरेश्वरला शिवरात्रीला आलेले बरेच जण खाडी ओलांडून इकडे आलेले. आमचं काम होतं वाळू सपाट करायचं. हे मला आधी माहीत नव्हतं: माणसाच्या पावलाचा खळगा पिल्लाच्या मानाने विहीरच असतो, त्यात पडलं की निघता निघत नाही. म्हणून पाण्यापर्यंतचा पट्टा दोरी लावून मोकळा ठेवायचा आणि लांब फळी ओढत सारखा करायचा. आम्ही सारवल्यासारखं सारवलं.

सहाला दादांनी हॅचरीतल्या घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलल्या. घरट्यावरची वाळू बशीसारखी खचली की समजायचं पिल्लं वर येताहेत. पहिली टोपली, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसऱ्या टोपलीखाली एक काळं बोटभर काहीतरी, मग दुसरं, मग वाळूच उकळायला लागल्यासारखी हलली. २६ पिल्लं. दोरीच्या आत सोडली. प्रत्येकाने आधी थांबून मान वर केली, आणि मग वल्ही मारत निघाली. उजेड असतो तिकडे ती जातात, आणि रात्री उघड्या किनाऱ्यावर समुद्राचं क्षितिजच सगळ्यात उजळ असतं. मावळत्या सूर्याने त्यांचं काम सोपं केलं होतं. एक मात्र सारखं उजवीकडे वळत होतं. बघितलं तर तिकडे दोरीशी एक गृहस्थ मोबाइलची बत्ती लावून उभे. ताईंनी, त्याच त्या कुंपणवाल्या, असा आवाज दिला की बत्तीसकट गृहस्थ मागे सरकले. पिल्लू वळलं.

पहिली लाट आली, चार-पाच आत ओढली गेली, बाकीची उताणी होऊन परत वर फेकली गेली. पुन्हा पालथी झाली, पुन्हा निघाली. हजारात एखादंच मोठं होतं म्हणतात. गर्दीतल्या एका लहान मुलाने बापाला विचारलं, "मग बाकीची?" बापाने त्याला खांद्यावर घेतलं.

रात्रीच्या गस्तीत दादा गप्पांना लागले. २०२२ च्या जानेवारीत इथेच एका कासविणीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश धाडणारं यंत्र बसवलं, पश्चिम किनाऱ्यावर तसं पहिल्यांदाच. तिचं नाव प्रथमा. आंजर्ल्याला सावनी, गुहागरला वनश्री, रेवा, लक्ष्मी. गेल्या वर्षीची, २०२५ च्या जानेवारीची, गुहागरची गोष्ट त्यांना जास्त आवडते. अंडी घालायला आलेल्या एका कासविणीच्या वल्ह्याला धातूची पट्टी होती. ती २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली निघाली. म्हणजे बाई पूर्वेच्या समुद्रातून भारताच्या टोकाला वळसा घालून कोकणात आली. "आमाला मुंबैला जायचा तरी चार दिस आदी इचार करतो," दादा म्हणाले.

पावणेदहाची भरती झाली आणि सव्वादहाला पुन्हा पट्टा दिसला. या वेळी मात्र खड्डा नाही, थापटणं नाही. वर आली होती, अर्धवर्तुळ घेऊन तशीच परत गेली. "फिरून गेली." का? वाळू कडक लागली असेल, कुत्रं आलं असेल, कुठे उजेड दिसला असेल. संध्याकाळच्या गर्दीतले काही जण अंधार पडल्यावरही किनाऱ्यावर रेंगाळत होते, हे मी बघितलं होतं. दादांनी कोणाला दोष दिला नाही. "आजउद्या येल परत. पोटात घेऊन जानार कुटं?"

सोमवार

गाडी येत नाही हे नक्की झालं होतं. मग काकांनी गावातला एक छोटा हत्ती टेम्पो ठरवून दिला. ३१ गोण्या. सुरूच्या बनातल्या त्या जुन्या चिंध्यांमधलंही जेवढं हाताला आलं तेवढं भरलं होतं. खर्च बारा जणांत वाटला. तो प्रत्येकी एका पिझ्झ्याएवढा आला, आणि यासाठी आम्ही दोन दिवस फोनवर घालवले होते.

मंडणगडला भंगारवाल्याने गोण्या उघडून बघितल्या. बाटल्या घेतल्या, डबे घेतले, नायलॉनची जाळी तर आनंदाने घेतली. थर्माकोलला हात लावायला तयार होईना. त्याच्या दुकानामागे एक जण पेट्या भरायला जुना थर्माकोल नेतो असं कळलं, पण आमचा तर चुरा. अखेर चुऱ्याच्या चार गोण्या आणि चपलांची एक गोणी आमच्याच टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागच्या सीटवर चढली. ड्रायव्हर काही बोलला नाही, फक्त त्याने सगळ्या खिडक्या उघडल्या. खाऱ्या पाण्यात महिनोन् महिने भिजलेल्या चपलेला एक विशिष्ट वास असतो. ताम्हिणीतल्या वळणांवर तो जास्त येतो.

जाताना उपयोगी पडेल असं अजून थोडं. पिल्लं बघायची असतील तर फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत जा, पण शनिवार-रविवार टाळा. सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला टोपल्या उचलतात. काही निघालं तर निघालं, नाहीतर नाही, त्याबद्दल कोणाशी भांडू नका. रोख पैसे घेऊन जा. मोबाइलला काही ठिकाणी रेंज येते, घराच्या कुठल्या कोपऱ्यात ते घरचेच सांगतील. बॅटरीला लाल कागद लावा आणि तरीही ती कमीच वापरा, डोळे दहा मिनिटांत सरावतात. गस्तीला जायचं असेल तर आधी परवानगी विचारा आणि नाही म्हणाले तर नाही. त्यांना आमच्यामुळे काम वाढतं, हे पहिल्याच रात्री माझ्या लक्षात आलं होतं. पिल्लाला हात लावायचा नाही, कितीही गोड असलं तरी. आणि निघताना काकूंकडून कोकमं घ्या.

चुरा पुण्यात एका ठिकाणी घेतला गेला, दोन फेऱ्या मारून. चपलांची गोणी महिना होत आला तरी आमच्या पार्किंगमध्ये आहे. रखवालदाराने दोनदा विचारलं, सोसायटीच्या ग्रुपवर एकदा विषय निघाला. काल भंगारवाला आला तेव्हा त्याला दाखवली. त्याने तोंड उघडून आत हात घातला, एक निळी स्लिपर काढली, उलटीसुलटी करून बघितली.

"जोडी आहे का हिची?"

भाचीने नेमका तेव्हाच फोन केला होता, हॅचरीतल्या तिच्या घरट्याला अजून किती दिवस आहेत ते सांगायला. मी तिला फोनवरच धरून ठेवलं आणि त्याला म्हटलं, बघा शोधून.